निळी रंगवली, सुध्या

सुध्या, तू गेलास ही बातमी तुला आमच्या आधीच कळली असणार. दुसरी बातमी मात्र मला द्यावी लागतेय. निळी रंगवली. मीच रंगवली, तुझ्याच वर्कशॉपमध्ये, तुझ्याच कॉम्प्रेसरवर. तुला जाऊन अजून महिनासुद्धा झालेला नाही.

आता शिव्या द्यायच्या असतील तर देऊन घे, मी थांबतो. तुझ्या शिव्या तशा कधी लांबल्याच नाहीत. "नाटक्या" एवढ्या एका शब्दात तू माझा बंदोबस्त करायचास. मला त्याचा राग कधीच आला नाही. लग्नाची प्रवेशद्वारं, गणपतीची मखरं, जत्रेच्या कमानी, सगळ्या डहाणू तालुक्याला मी खोटे महाल उभे करून देतो, दोन दिवसांनी पाडतो आणि टेम्पोत भरून नेतो. माझं पोटच नाटकावर. पण निळीच्या बाबतीत नाटक केलेलं नाही. आधी ऐकून घे, मग काय ते ठरव.

ती सापडली तेव्हा तू माझ्याच टेम्पोत फुकट बसून आला होतास. दोन हजार चौदा साल असेल. बोर्डीला तुझ्या थोरल्या भावाच्या, आबांच्या चिकूच्या वाडीला लागून त्या इराणी म्हातारीची वाडी होती. मी तिच्याकडे बांबू बघायला आलो होतो. तू नुसताच आला होतास, भावाशी भांडायचं टाळायला. म्हातारीच्या गोदामात चिकूच्या खोक्यांमागे, गोणपाटांखाली ती निजली होती, निळ्या रंगाची. म्हशीच्या शिंगांसारखं रुंद हँडल, कुजलेले जाडजूड टायर, कमरेत वाकलेला दांडा आणि दोन दांड्यांच्या मधोमध चक्क पेट्रोलची टाकी. सायकलला पेट्रोलची टाकी! आत काही नाही, नुसता डौल. मी म्हटलं, ही परदेशातली, आणि हिच्या देशातही माझा धंदा करणारा कुणीतरी होता. मी त्या टाकीच्या प्रेमात पडलो.

तू टाकीकडे पाहिलंसुद्धा नाहीस. तू खाली बसलास, मागच्या चाकाच्या पोटाशी. हँडलला ब्रेकची मूठ नाही, काही नाही. तू चाक फिरवलंस, मग पायडल हाताने उलटं दाबलंस आणि चाक जागच्या जागी थांबलं. परत फिरवलंस. परत थांबलं. जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यावर बाप करतो तसा चेहरा केला होतास.

म्हातारी दारात उभी राहून बघत होती. तरुणपणी ती ही सायकल फ्रॉक घालून किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांखालून पळवायची म्हणे. "लई जा, दीकरा," ती तुला म्हणाली, "पण एने नागी ना करतो." घेऊन जा, पण हिला उघडीनागडी करू नकोस. तू देवळात हलवावी तशी मान हलवलीस. आणि मी त्याच वेळी टाकीवर बोट फिरवत मनातल्या मनात तिला रंगवत होतो. चेरीसारखा लाल, वर सोनेरी रेघ, आणि बाजूने ज्वाळा.

तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते तू जाईपर्यंत मिटलं नाही.

"सुध्या, हिला लाल कर."

"नाही."

"निदान पॉलिश?"

"नाही."

"अरे, गंज चढलाय. रंगाच्या खपल्या निघतायत. लोक म्हणतील भंगारातून उचलली."

"ऐक ने. तिच्या अंगावर तिचंच कातडं आहे. काढायचंच असेल तर आधी तुझं काढू?"

"काढ. खाली सोनं निघेल."

"खाली चरबी निघेल. तो पाना दे."

टाकीच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढ्या जागी रंगच नव्हता, पत्रा उघडा पडून गुळगुळीत झाला होता. मी म्हणायचो, बघ, हे डाग किती वाईट दिसतात. तू म्हणालास, ते डाग नाहीत, म्हातारीचे गुडघे घासलेत तिथे. त्या दिवसापासून तू तेवढ्या जागेला तेल लावायचास, गंज चढू नये म्हणून. फडक्याने, हळूच. मी वहिनीला म्हटलंही होतं की तुमच्या नवऱ्याचं बोर्डीच्या एका बाईच्या गुडघ्यांवर लक्ष आहे. वहिनी म्हणाली, "असू दे, भावजी. कुणाच्या तरी आहे ना."

बाकीच्या सायकली मात्र तू रंगवायचास. सुरतहून, मुंबईहून हौशी लोक यायचे. कुणाच्या आजोबांची काळी सायकल, कुणाची परदेशातून आलेली, कुणाची नुसतीच दुधाच्या किटल्या वाहून थकलेली. तू दांडे वाकवायचास, चाक धरणारा चिमटा रुंद करून जाड टायर बसवायचास. मग माझा प्रवेश. रंग कुठला, सीटला कातडं कसलं, दिवा कुठे, घंटी कुठली. गिऱ्हाईक म्हणेल तो रंग तू मारायचास, तासन् तास, दार लावून, कारण उघड्यावर धूळ बसते. तोंडाला साधा रुमाल नाही. वहिनीने आणलेला मास्क खिळ्याला लटकून लटकून स्वतःच रंगीत झाला. "तो लावला की काम करतोय असं वाटत नाही," म्हणायचास.

विवळवेढ्याची जत्रा आठवते का, असं विचारणार नाही. तू ती मला विसरू दिली नाहीस, मी तुला का देऊ? महालक्ष्मीच्या जत्रेत रस्त्यावरची एक कमान माझी होती. तू निळीला हवा खायला घेऊन आला होतास, आणि मी हट्ट धरला की माझ्या कमानीखालून मीच तिच्यावर बसून जाणार. तू बजावलंस, "उतारावर पाय उलटे फिरवू नकोस." पण आपल्याकडच्या माणसाला उतार मिळाला की त्याचे पाय आपोआप उलटे फिरतात. लहानपणापासून त्या कटकट आवाजाची चटक लागलेली असते. मी कमानीखाली आलो, ओळखीचे चेहरे दिसले, मंत्र्यासारखा हात वर केला आणि मजेत पाय उलटे मारले. निळी थांबली. मी थांबलो नाही. मी सरळ खाजावाल्याच्या टोपलीत.

तू धावत आलास. माझ्या अंगावरून उडी मारून सायकलपाशी गेलास. "चाक वाकलं का बघ," मलाच सांगत होतास! मागून वहिनी ओरडली, "अहो, आधी भावजींना बघा!" तू मान वर न करता म्हणालास, "तो आपोआप बरा होतो."

झालो. मी प्रत्येक वेळी आपोआप बरा झालो.

मग दोन हजार अठराच्या थंडीत जमीन हलायला लागली. आधी पोटात सुरुंग फुटल्यासारखा आवाज, मग भिंती थरथरणार, मग लोक दारात. तलासरीपासून धुंदलवाडीपर्यंत माणसं घरं सोडून अंगणात झोपायला लागली. तुमच्या अंगणात मी माझा मांडव टाकून दिला. लग्नसराईचा तोच एक मोकळा होता, लाल-पिवळ्या झालरीचा. त्या झालरीखाली तू रजई लपेटून खोकत पडायचास आणि मी म्हणायचो, नवरदेवाला थंडी वाजतेय. तू हसायचास, हसताना खोकायचास, मग नुसताच खोकायचास. नंतर नंतर मी विनोद जपून करायला लागलो. ते तुझ्या लक्षात आलं होतं, मला माहीत आहे.

वर्कशॉपच्या वाशाला टांगलेल्या सायकलींच्या घंट्या प्रत्येक धक्क्याला वाजायच्या. तू त्यांच्यावरून धक्क्याचा अंदाज सांगायचास. एखादी वाजली तर कुशीवर वळायचं, सगळ्या वाजल्या तर उठून बसायचं. शेजारचे तुला विचारायला लागले होते, "सुधीरभाऊ, किती वाजल्या?"

वापीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि विचारलं, काम काय करता? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "चिकूची वाडी आहे." डॉक्टर फोटोकडे बघत राहिले. म्हणाले, "चिकूने असं होत नाही." तू माझ्याकडे बघितलंस, मी गप्प राहावं म्हणून. मी गप्प राहिलो नाही. सगळं सांगितलं, बंद दार, फवारा, खिळ्यावरचा मास्क. परत येताना अच्छाडपर्यंत तू खिडकीबाहेर तोंड करून बसलास. मग ढाब्यावर चहा घेताना म्हणालास, "सांगून काही फरक पडला का?" नाही पडला. उशीर झालेला होता, ते आपल्या दोघांनाही डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दिसलं होतं. तरी आणखी सांगायला काही असतं तर तेही सांगितलं असतं, सुध्या. त्या भांडणात मी माघार घेत नाही.

शेवटच्या आठवड्यात तू फार बोलत नव्हतास. एकदा हाताने जवळ बोलावलंस. मला वाटलं, आता काहीतरी बोलशील. वहिनीबद्दल, आबांबद्दल, गेलाबाजार माझ्याबद्दल. मी कान जवळ नेला. तू म्हणालास, "निळीचं मागचं चाक जड चाललंय. ग्रीस बदल." मी म्हटलं, बदलतो. तू डोळे मिटलेस. आपल्या दोघांमधलं शेवटचं बोलणं हे. मी अजून वाट बघतोय की त्याच्यापुढे आणखी एखादं वाक्य होतं आणि मला ते ऐकू आलं नाही.

तू गेलास. दिवस आबांनी केले. दहाव्याच्या आधी वहिनीने आम्हा दोघांना मांडवात बसवलं. तेराव्याला तुझं शय्यादान करायचं होतं. गादी, छत्री, चपला, तांब्या-भांडं, माणसाच्या वापरातलं जे जे असतं ते गुरुजींना द्यायचं, म्हणजे तिकडे त्याला पोचतं. वहिनी म्हणाली, त्यात सायकल हवी.

आबा म्हणाले, "मग दुकानातून नवी आणू."

"त्यांना दुकानातली चालेल का? निळीच द्यायची. पण अशी नाही. रंगवून."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "वहिनी, तो तिला रंगवू देत नव्हता. शब्द दिला होता त्याने."

"कुणाला?"

"बोर्डीच्या म्हातारीला."

"ती गेली. तेही गेले. आणि मला दिलेले शब्द? ते कुणी पाळायचे, भावजी?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "दान देताना गंजकं, पोपडे सुटलेलं देत नाहीत. माझ्या हातून त्यांना तिकडे तसलं पोचवू? आणि इथे मी ठेवू शकत नाही. धक्का बसला की आत घंट्या वाजतात, आणि मला वाटतं ते काम करतायत. रोज वाटतं. उठून दारापर्यंत जाते मी."

त्या दिवशी मी आधी सगळ्या घंट्या उतरवल्या. मग निळी खाली घेतली.

पाच वर्षं मला जो निकाल हवा होता तो माझ्या हातात होता, वर वहिनीची परवानगी, आणि "नाही" म्हणणारा समोर कुणी नव्हता. मी पॉलिश पेपर घेऊन किती वेळ नुसता बसलो. खोटं कशाला बोलू, मी मोठ्याने म्हटलंसुद्धा, "सुध्या, हिला लाल करू का?" कुणी पाना मागितला नाही.

मग वहिनी आली. मी मास्क लावलेला बघून तिने क्षणभर डोळे मिटले. मग पदर तोंडाला बांधला, माझ्या हातातला कागद अर्धा फाडून घेतला आणि घासायला बसली. अशी घासायला लागली की मला भीती वाटली. म्हातारीचा निळा रंग पिठासारखा जमिनीवर पडत होता. टाकीपाशी तिचा हात थांबला.

"इथे रंग कसा नाही?"

"म्हातारीचे गुडघे लागायचे तिथे."

ती त्या गुळगुळीत जागेकडे बघत राहिली. "तेल कुणी लावलंय?"

तिला उत्तर नकोच होतं.

"तिचे गुडघे पाच वर्षं सांभाळले," वहिनी म्हणाली. "माझे दुखतात, ते कधी विचारलं नाही." आणि ती हसली, सुध्या. हसता हसता तिचा चेहरा पिळवटला. हातातला कागद तसाच धरून ती त्या टाकीवर डोकं टेकून रडली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. आबांना, शेजाऱ्यांना, कुणाला जमलं नव्हतं ते तुझ्या त्या टाकीने केलं. मग तिने डोळे पुसले, कपाळाला लागलेली निळी भुकटी तशीच, आणि म्हणाली, "इथूनच सुरू करा. लाल ना? तुम्ही म्हणायचात तो. चेरीसारखा."

"ज्वाळा नाही काढत, वहिनी."

"काढायच्या तर काढा."

नाही काढल्या. सोनेरी रेघही नाही. त्या तुला खिजवायला होत्या. तू नसताना त्यांचं काय करू? चाकातलं जुनं ग्रीस काढलं, छर्रे धुतले, नवं भरलं. चाक आता फुंकरीने फिरतं आणि पायडल उलटं दाबलं की जागच्या जागी थांबतं, तू फिरवलं होतंस तसंच.

वाळल्यावर दार उघडून तिला उजेडात आणली. सुध्या, सुंदर दिसत होती. शपथेवर सांगतो. पाच वर्षं माझंच बरोबर होतं. आणि हे मला जगात एकाच माणसाला दाखवायचं होतं. तू दोन पावलं मागे जाऊन, डोकं खाजवत, नाइलाजाने "ठीक आहे" म्हणाला असतास. त्या एका "ठीक आहे"साठी मी इतकी वर्षं भांडत होतो हे मला त्या सकाळी कळलं. म्हातारीचा शब्द मोडला, तुझाही. वर तुम्ही दोघं भेटला असाल तर मिळून शिव्या द्या. पण वहिनी त्या रात्री झोपली, हेही म्हातारीला सांग.

तेराव्याला अंगणात त्याच मांडवाखाली सगळं मांडलं होतं. गादी, तिच्यावर छत्री, बाजूला तुझ्या मापाच्या नव्या चपला, आणि शेवटी ती, लाल. गुरुजी वयस्कर, हाडं मोजून घ्यावीत असे. त्यांनी सायकल चहूबाजूंनी बघितली, हँडल चाचपलं आणि विचारलं, "हिला ब्रेक कुठे आहे हो?"

मी पुढे होऊन हातवारे करून समजावलं, की पाय उलटे मारायचे.

"या वयात उलटे पाय मारायला लावता?" गुरुजी म्हणाले, आणि मांडवात हशा पिकला. तेरा दिवसांत पहिला. आबाही हसले.

मग दान. वहिनीने उजव्या तळहातावर पाणी घेतलं. मंत्र झाले. गुरुजी म्हणाले, "आता पाणी सोडा आणि म्हणा, न मम." म्हणजे, हे माझं नाही.

वहिनीचा हात तसाच. बोटांमधून पाणी गळत होतं, ते तिने दुसऱ्या हाताने खालून झेललं.

"म्हणा, बाई. न मम."

ती सायकलकडे बघत होती. मग माझ्याकडे वळली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "भावजी, तुम्ही म्हणा ना."

सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. मी, ज्याच्या हातातला माइक लग्नात काढून घ्यायला दोन माणसं लागतात. मी तोंड उघडलं. काही आलं नाही.

"त्यांचं चालायचं नाही," गुरुजी हळूच म्हणाले. त्यांनी घाई केली नाही, एवढे आभार मी त्यांचे मानतो. "तुमच्याच तोंडून हवं."

वहिनीने पुन्हा तांब्यातून थोडं पाणी घेतलं. निजलेल्या माणसाजवळ बोलावं इतक्या बारीक आवाजात ती म्हणाली, "न मम." आणि हात वाकडा केला. पाणी हँडलवरून ओघळत मातीत गेलं.

गुरुजी सायकलवर बसले नाहीत. एका हाताने हँडल, एका हाताने सीट धरून त्यांनी ती चालवत फाटकाबाहेर नेली, आणि रस्त्याच्या वळणावर ती दिसेनाशी झाली. लोक पानांवर बसायला उठले. आबा वाढप्यांना हाका मारायला गेले. वहिनी तिथेच उभी होती, ओला तळहात तसाच पुढे धरून. पदराला पुसला नाही तिने. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तिचा हात वाळेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो आणि तेवढा वेळ, सुध्या, मी एक शब्दही बोललो नाही.